चौथा नाका वगळून

टेबल

टेबलावर नकाशा पसरला होता. त्याचे चार कोपरे वर येऊ नयेत म्हणून साखरेचा डबा, चष्म्याच्या दोन डब्या आणि आत्याचं कोपर.

"कोपर काढ ताई," बाबा म्हणाले. "त्याखाली दुसरा नाका आहे."

"मग टोल माझ्याकडे भर," आत्या म्हणाली. कोपर हललं नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जन्मभर मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होती, त्यामुळे कोण खोटं बोलणार आहे हे तिला बोलणाऱ्याच्या आधी कळतं. बाबांचं चष्म्याचं दुकान. आईचं शाळेच्या गणवेशांचं. तिथं कापड स्वतः आईच कापते, म्हणून कारागीर तिला 'मास्तर' म्हणतात, आणि चिडवायचं असलं की बाबाही. मी त्यांची मुलगी. गाडीत माझी जागा लहानपणापासून मागची, आणि ती वाढत्या वयाने बदललेली नाही.

आम्ही डोंगरावर जाणार होतो. दिवसभर हमरस्ता आणि शेवटी घाट. बाबा टोलचा हिशेब मांडत होते. इतकं मन लावून त्यांनी माझं प्रगतिपुस्तकही कधी वाचलं नाही. आमच्या गाडीच्या काचेवर ते आपोआप पैसे कापणारं स्टिकर नाही. रोखीला टोल दुप्पट पडतो हे त्यांना मान्य, पण जे पैसे हातातून जाताना दिसत नाहीत ते त्याहून जास्त जातात, असं बाबांचं मत आहे. म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात सुटे, आणि डबा खुळखुळला की बाबांच्या चेहऱ्यावर समाधान.

"सहा नाके," ते म्हणाले. "नवा पूल धरला तर सात. पण तो धरायचा नाही. शेजारी जुना पूल फुकट उभा असताना नव्यावरून पैसे देऊन जाणारा माणूस म्हणजे..."

त्यांना पुरेशी वाईट शिवी सुचेना. त्यांनी नकाशातल्या नव्या पुलावर फुली मारली. ठसठशीत.

"सहा," ते पुन्हा म्हणाले आणि आईकडे बघायचं टाळलं.

आता इथं आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल.

नियम: नाका आला की गाडीचा हात बदलायचा. आईने पन्नाशीनंतर लायसन्स काढलं. त्यानंतरच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात कोणी किती चालवायचं यावरून दोघांचं इतकं वाजलं, की आत्याने मागच्या सीटवरून निकाल दिला: "नाका आला की उतरा, जागा बदला, आणि तोंडं बंद ठेवा." तेव्हापासून तसंच. जो चालवत नाही त्याने शेजारी डबा मांडीवर घेऊन बसायचं. सुरुवात मात्र कायम बाबांची. कारण आमच्या इमारतीचं गेट अरुंद आहे आणि तिथून आरसे शाबूत ठेवून गाडी काढणं फक्त त्यांनाच जमतं. (उजवा आरसा दोनदा कोणी फोडला, हा विषय घरात काढत नाहीत.)

म्हणजे पहिल्या नाक्यापर्यंत बाबा, दुसऱ्यापर्यंत आई, तिसऱ्यापर्यंत बाबा. असं करत गेलं की सहाव्यानंतर गाडी बाबांच्या हातात.

आणि सहाव्या नाक्यानंतर काय आहे?

घाट. अख्खा.

"योगायोग आहे," बाबा म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं.

"बाळ्या," आत्या म्हणाली, "तू लहानपणी त्या पाण्याच्या टाकीवर..."

"ताई, कोपर."


कापायचं टेबल

"सहा नकोत," आई म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ते दातओठ खाऊन म्हटल्यासारखं वाटलं. पुढ्यात गडद निळं कापड, त्यावर खडूच्या रेघा. मधल्या सुट्टीत धावणाऱ्या कितीतरी चड्ड्या तिथं अजून सपाट पडल्या होत्या.

"मग सरळ सांग ना त्यांना. घाट मी चढवणार म्हणून."

"सांगून झालंय, चिऊ. 'पुढच्या वेळी' म्हणाले." तिने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "आता पुढची वेळ कुठली?"

ते खरंच होतं. महिनाअखेरीला गाडी आमच्या मेकॅनिकला विकायची ठरली होती. आम्ही राहायला जाणार होतो ते नवीन घर दोन्ही दुकानांच्या मध्ये होतं, चालत जाण्याइतकं. पुन्हा गाडी घ्यायची नव्हती.

"आयुष्यभर त्या घाटात मी शेजारी बसलेय," आई म्हणाली. "काय केलं? लिमलेटच्या गोळ्या सोलून यांच्या तोंडात घातल्या. प्रत्येक वळण पाठ आहे मला. पाठ आहे, पण हाताला माहीत नाही."

"मी बोलू?"

"नको. तू बोललीस आणि त्यांनी दिला, तर तो त्यांनी दिलेला घाट. मला माझ्या पाळीत यायला हवा."

"मग नाके पाच हवेत. किंवा सात."

"सात कसले? सातवा म्हणजे जास्तीचा टोल. त्यापेक्षा ते गाडी ढकलत नेतील." आईने माझ्या फोनवरचा नकाशा खडूच्या बोटाने मोठा केला. काच पांढरी झाली. "हे बघ. तिसऱ्याच्या पुढं हा जुना रस्ता फुटतो आणि तळ्याला वळसा घालून परत मोठ्या रस्त्याला लागतो. इथं चुणीसारखा दाब घातला की चौथा नाका आत गेला."

"आणि हे बाबांना कोण सांगणार?"

"कोणीच नाही," आई म्हणाली. "त्यांनाच सापडणार."

मग तिने कात्री घेतली आणि निळ्या कापडाच्या कडेची एक पट्टी कापून बाजूला ठेवली. कुठल्याच चड्डीत ती बसत नव्हती.

"हे काय?"

"उरलेलं," आई म्हणाली.


परत तेच टेबल

"अहो, त्या चौथ्या नाक्याचं काही खरं नाही म्हणे. टोल पुन्हा वाढवलाय."

"हं."

"कापडवाला सांगत होता, लोक तो चुकवतात. तळ्याकडून."

"हं?"

"पण आपण नको बाई तसलं काही करायला. देऊ की. आपल्याला परवडतं."

बाबांचा पेला ओठांपाशी थांबला. 'आपल्याला परवडतं' हे दोन शब्द आमच्या घरात याआधी एकत्र आलेले मला आठवत नाहीत.

"कुठून म्हणालीस? तळ्याकडून?"

"जाऊ द्या हो."

"जाऊ द्या कसं? नकाशा कुठाय?"

आत्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि बुडवलेलंच विसरली, इतकी ती हसू दाबण्यात गुंतली होती.


पहिला नाका

गेटमधून गाडी निघाली. आरसे वाचले. बाबांनी ते दोनदा बोलून दाखवलं.

पहिल्या नाक्याला आईने डब्यातून नाणी मोजून दिली. दांडा वर गेला, गाडी पलीकडे कडेला लागली, दोघं उतरले. बॉनेटच्या पुढून जाताना प्रत्येक वेळी ते एकमेकांना वाट देतात आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूला सरकतात.


दुसरा

आई सीट पुढं ओढते. बाबा मागं ढकलतात. मागं आत्याचे गुडघे आहेत. दुसऱ्या नाक्यानंतर आत्या म्हणाली, "या हमरस्त्यावर सगळ्यात जास्त टोल माझ्या गुडघ्यांनी भरलाय."


तिसरा

आईची पाळी. तिने सीट ओढली, आरसा नीट केला, सीटखालची आपली पिशवी पायाला लागत नाही ना ते पाहिलं. बाबांच्या मांडीवर डबा आणि डब्यावर नकाशा. ते खिडकीबाहेर असे टक लावून बघत होते, की जणू जुना रस्ता दिसला नाही तर तो मुद्दाम लपला असं समजावं.

"डावीकडे! डावीकडे! अगं, गेलं!"

"गेलं नाही. सिग्नल मघाशीच दिलाय," आई म्हणाली आणि सहज वळली.


चौथा

इथं आम्ही गेलोच नाही.

तळ्याकाठच्या रस्त्यावर खड्डे होते. एक शेळ्यांचा कळप होता, त्याने आमच्याकडून बराच वेळ वसूल केला. एका ठिकाणी गाडीच्या पोटाला दगड लागला आणि आत्याने पाय वर घेतले. पण बाबा? बाबा गात होते. त्यांना गाता येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

"बघितलंस चिऊ? डोकं लागतं." त्यांनी डबा खुळखुळवला. "चौथ्याचे पैसे अजून इथं आहेत. इथं!"

"हुशार हो तुझे बाबा," आई मला म्हणाली. आरशात तिचे डोळे दिसले. ते फार साधे दिसत होते.


पाचवा

जागा बदलताना बाबा अजून गुणगुणत होते. त्यांनी सीट मागं ढकलली. आत्या "आई गं" म्हणाली. गाडी निघाली. थोडं पुढं गेल्यावर गाणं मध्येच थांबलं.

"हा कितवा झाला?"

"पाचवा," मी म्हणाले.

"नकाशावरचा पाचवा. आपण भरलेला?"

आईने मांडीवरचा डबा सरळ केला.

"चौथा," आई म्हणाली.

बाबांच्या मानेवर मागून मला हिशेब होताना दिसत होता. आता आपण. सहाव्याला ती. सहाव्याच्या पुढं.

"मास्तर," बाबा सावकाश म्हणाले, "ते तळं तुला कोणी सांगितलं म्हणालीस?"

"कापडवाल्याने."

"कोणत्या?"

"निळ्या," आई म्हणाली.

आत्याने पर्समधून रुमाल काढून तोंडावर धरला. तिला खोकला आल्याचं तिचं म्हणणं होतं.

बाबांनी मान डोलावली आणि गाडी चालवत राहिले. मला वाटलं, हार मानली. आईला तसं वाटलेलं दिसलं नाही. तिने पर्समधून एक लिमलेटची गोळी काढली, सोलली आणि यावेळी स्वतःच्या तोंडात घातली.


फुली

नदी आली. पाटीवर दोन बाण होते. एक जुन्या पुलाकडे. दुसरा नव्या पुलाकडे, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत: टोल वेगळा.

बाबांनी गाडी नव्या पुलाकडे घातली.

"बाळ्या," आत्या पुढं वाकून म्हणाली, "रस्ता चुकलास."

"नाही चुकलो."

"अरे, इथं पैसे लागतात."

"टायरला बरा असतो हा पूल."

आत्याने हात लांब करून त्यांच्या कपाळाला लावला. "ताप नाहीये," ती मला म्हणाली. "मग काय झालंय याला?"

मला कळलं होतं. आईलाही. पूल धरला की नाके पुन्हा सहा. बाबांनी स्वतःच्या हाताने मारलेली फुली ओलांडून गाडी टोलच्या खिडकीपाशी उभी केली. खिडकीतला माणूस म्हणाला, "जाऊन-येऊन देऊ का? स्वस्त पडेल."

स्वस्त हा शब्द ऐकून बाबांचा हात आपोआप डब्याकडे वळला. मी पाहिलं.

"एकेरी," ते म्हणाले.

"आता डॉक्टरच बोलवा," आत्या म्हणाली.

आईने डब्यातून पैसे काढले. चौथ्या नाक्याचे वाचलेले होते तेच. ते बाबांच्या तळहातावर एकेक करून ठेवले आणि डब्याचं झाकण लावलं. चिडवलं नाही, हसली नाही. पुलापलीकडे तिने जागा बदलली, सीट पुढं ओढली आणि नियमाप्रमाणे गाडी चालवायला लागली, शेवटच्या नाक्यापर्यंत. समोर डोंगर मोठे होत गेले आणि गाडीतले विनोद संपले.


सहावा

पायथ्याला गार वारा होता. नाक्यावरचा माणूस कानटोपी घालून बसला होता. बाबांनी टोल भरला, आईने गाडी कडेला घेतली, उतरली, आणि किल्ली उघड्या तळव्यावर ठेवून बाबांसमोर धरली.

"घ्या. तुमची पाळी."

बाबांनी किल्ली घेतली नाही. ते वर बघत होते. घाटाचा रस्ता डोंगराच्या अंगावर सुतासारखा दिसत होता, त्यावर मुंगीएवढा एक ट्रक.

"रागावलीस?"

"पाळी तुमची आहे. रागावून काय करू?"

"अगं, तुला गाडी येत नाही म्हणून नव्हे."

"मग?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघणारा माणूस कुठं बघावं ते शोधत होता.

"मला स्टेअरिंग लागतं," ते म्हणाले.

"कशाला?"

"धरायला." मग एका दमात, "चाक हातात असलं की नजर रस्त्यावर राहते. शेजारी बसलं की दरी माझ्या बाजूला. ती दिसते मला. पोटात दिसते."

"टाकी!" आत्या म्हणाली. "मी सांगतच होते. पाण्याच्या टाकीवर चढला ऐटीत आणि वरून हलेचना. शिडीवरून माणूस पाठवून पोत्यासारखा उतरवला होता याला. वर म्हणतो, मी हवा खात होतो."

"ताई!"

"आणि दर वेळी वर गेलो की," आई म्हणाली, "सगळे कठड्यापाशी जातात दरी बघायला. हे कुठं असतात? टायरची हवा बघत. चार टायर, अहो. किती वेळ बघाल?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"माणूस कुठं आकसतो ते माप घेताना कळतं मला."

तिने गाडीचं दार उघडून सीटखालून पिशवी ओढली. त्यातून काढली ती निळी पट्टी. गणवेशाच्याच कापडाची, आत कापूस भरून दुहेरी शिवलेली, मागं इलॅस्टिक, नाकाच्या जागी नेटकी खाच. डोळ्यांवर बांधायची.

"चष्मा काढून घालायची," ती म्हणाली. "मागं मधल्या सीटवर बसायचं. दोन्हीकडून दरी लांब."

बाबांनी पट्टी हातात घेतली. शिवण अंगठ्याने चाचपली. "म्हणजे तू... आधीपासून धरून चालली होतीस?"

"हो."

"आणि पूल घेतला तेव्हा बोलली का नाहीस?"

"गाडी तुमच्या हातात होती. तुमची पाळी, तुमचा रस्ता. आताही तुमचीच आहे. घ्या किल्ली, उशीर होतोय." तिचा आवाज सरळ होता, पण किल्ली तळव्यावर किंचित वाजत होती.

बाबांनी ती वाजताना ऐकली. मग ते आत्याकडे वळले.

"ताई, निकाल दे. पूल हा नाका होतो का?"

"पैसे घेतले, दांडा वर गेला. नाकाच तो," रेक्टर म्हणाली.

"नकाशावर मी त्याच्यावर फुली मारली होती. फुली मारलेला धरायचा नसतो."

"मग पैसे कशाला भरलेस?"

"चुकलं."

आत्याने कान पुढं केला. "काय म्हणालास?"

"चुकलं म्हणालो! बुडाले ते पैसे!" बाबांनी शर्टाच्या खिशातून पुलाची पावती काढली, कचऱ्याच्या पिंपापर्यंत चालत गेले आणि आत टाकली. ज्या माणसाकडे लग्नाआधीच्या छत्रीचीही पावती आहे, त्याने. परत आले तेव्हा ते थोडे फिकट दिसत होते, घाटामुळे की पावतीमुळे, सांगता येत नाही.

"मोज आता," ते मला म्हणाले.

"पहिला, दुसरा, तिसरा," मी मोजलं. "चौथा नाही. पाचवा. पूल नाही. सहावा. पाच भरले."

"पाच," आई म्हणाली. तिने मूठ मिटली. "म्हणजे माझी पाळी."

"म्हणजे काय, तुझीच," बाबा म्हणाले आणि चष्मा काढला.


घाट

मी पुढं. जन्मात पहिल्यांदा. मांडीवर डबा, हातात लिमलेटच्या गोळ्या. सोलायच्या, आईच्या तोंडात घालायच्या.

मागं आत्या आणि बाबा. बाबा मध्ये. डोळ्यांवर गणवेश.

"दुसरा टाक."

"टाकलाय."

"वळण आलं ना? हॉर्न दे."

"दिला. ऐकू येणंही बंद झालं का?"

"ताई, बाहेर कसं आहे?"

"सपाट," आत्या म्हणाली. तिच्या खिडकीखाली ढग होते. "हिरवळ आहे नुसती. मुलं खेळतायत."

"खोटं."

"रेक्टर खोटं बोलत नाही. बॉल आला बघ, डोकं वाकव."

त्यांनी वाकवलं.

मग ते तीव्र वळण आलं. पुढचा ट्रक एकाएकी थांबला, आईने ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं. गाडी हलकीच मागं सरकली. अगदी हातभर. मागं काय होतं ते मी पाहिलं नाही. आरशात मला बाबांचा हात आत्याच्या मनगटावर घट्ट दिसला. त्यांचं तोंड उघडलं. त्या तोंडात सगळ्या सूचना तयार होत्या, वर्षानुवर्षांच्या.

त्यांनी ते मिटलं.

आईने हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली. क्लच सोडता सोडता ती जीभ दातांत धरते, कापडात पहिली कात्री घालताना धरते तशी. गाडी उचलली. चढली. ट्रकच्या मागं मागं, वळणाला लागून.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "बंद पडली होती का गं?"

"हो."

"मला वाटलं सिग्नल लागला."

आई हसली. मोठ्याने, तोंड उघडून, गोळी पडेल इतकी. पडलीच. मी दुसरी सोलली.


गेट

शेवटच्या वळणांपाशी धुकं उतरलं आणि दरी तशीही दिसेनाशी झाली. आत्याने ते बाबांना सांगितलं. त्यांनी पट्टी कपाळावर सरकवली, चष्मा घातला, खात्री करून घेतली आणि प्रथमच पुढं बघितलं. आईची मान, आईचे हात, काचेवर फिरणारे वायपर.

"चांगली चालवतेस," ते म्हणाले.

"माहीत आहे."

थोडा वेळ गेला. बाबांच्या डोक्यात काहीतरी सुरू झालेलं मला न वळताही जाणवलं. परतीचा प्रवास. वरून निघायचं म्हणजे पहिल्या नाक्याच्या आधीच घाट. म्हणजे जो सुरुवात करेल तो घाट उतरवणार. आणि सुरुवात कायम बाबांची, कारण...

"आपण उतरणार आहोत ते हॉटेल," त्यांनी अगदी सहज विचारलं. "त्याला गेट असेल ना? अरुंद?"

"नाही," आई म्हणाली. "फोन करून विचारलंय मी."

बाबांनी चष्मा काढला आणि पट्टी खाली ओढली.